कावीळ सांगू नये

दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी गिऱ्हाइकाचे दोन ब्लाउज शिवून दिले. बॅग भरली, उपसली, परत भरली. दुपारी शेजारचे वकील शिवशंकर आले आणि हे लिहायला घेतलं.

मी, मंगल भ्र. कालकथित राजपाल कुशनूरे, वय ४७, धंदा शिलाई, राहणार भालकी, जिल्हा बीदर, डोकं ठिकाणावर असताना व कुणाच्या सांगण्यावरून नाही, लिहून ठेवते की:

१. भालकीतल्या दोन खोल्या मुलगा सुगत याला. मागची भिंत ओल धरते. रंगाआधी गिलावा करावा.

२. शिलाई मशीन मोटरसह शेजारीण ज्योती हिला. यजमानांच्या आजारात त्यांच्या चादरी तिनं धुतल्या. हातमोजे घाल म्हटलं तर म्हणाली, "अक्का, चादर चावती व्हय?"

३. मला आणि यजमानांना एचआयव्ही. गोळ्या दोघांना सारख्याच. विषाणू दोघांचाही दबला, पण रोगाशी लढणाऱ्या पेशी माझ्याच वाढल्या. ते म्हणायचे, "तुझ्यातल्या जरा उसन्या दे की." गेल्या फेब्रुवारीत क्षयानं गेले.

उद्या मी पुण्याला जाते. तिथं एका औषधाची चाचणी आहे. विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत तयार करून सलाईनमधून देतात. नंतर काही काळ रोजच्या गोळ्या थांबवून, शरीर विषाणूला किती आवरतं ते बघतात. विषाणू वाढला तर गोळ्या परत सुरू. यानं मी बरी होईन असं कुणी म्हटलेलं नाही.

(इथं उठले. गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.)

सुगत म्हणतो, "चांगल्या चालू गोळ्या कामून बंद करायलीस, आई?" यजमानांना या चाचणीत जायचं होतं. पेशी कमी म्हणून त्यांना घेतलं नाही. माझं बरंवाईट झालं तर सुगतनं डॉक्टरांशी भांडू नये.

४. पुण्याच्या चाचणीत काढून ठेवतील ते माझं रक्त माझ्यामागंही अभ्यासाला वापरावं. ज्यांच्या पेशी वाढत नाहीत त्यांच्यासाठी आधी. वकील म्हणाले, "मंगलअक्का, रक्त काय शेत हाय व्हय, नावावर करायला? कायद्यात बसत न्हाई." नसू दे, पण खोडू नका म्हटलं.

५. यजमान गेले तेव्हा थोरले दीर बाबूलाल यांनी मयतीतच मला बजावलं, "सुगतचं लगीन व्हायचंय. कावीळ झालती म्हण." गावात आजवर तीच कावीळ चालू आहे. माझ्या वेळी कावीळ सांगू नये. आजाराचं नाव सांगावं. सुगतला विचारलं आहे. तो म्हणाला, "पोरगी बघायला गेल्यावर मीच सांगतो." हे कलम वाचल्याशिवाय भावजींची साक्ष घेऊ नये.

लिहून देणार: मंगल (सही)

साक्षीदार:
शिवशंकर, वकील (सही)
बाबूलाल कुशनूरे (सही). कलम ५ वाचले.

भालकी, ९ नोव्हेंबर २०२५

सह्यांनंतरची ओळ: भावजींनी पाचवं कलम दोनदा वाचलं. "एवढं लिहायलीस व्हय?" म्हणाले. "व्हय, भावजी," म्हटलं. त्यांनी सही केली आणि चहाला हात न लावता उठले. सुगत त्यांना स्टँडवर सोडायला गेला. तो चहा मी गरम केला आणि त्याच्याबरोबर आजची गोळी घेतली.