मामांचा बर्फ

समुद्रपूर

प्रिय मामा,

काल तुमची तेरवी झाली. मंडळी पांगल्यावर मामीनं तुमची खंजिरी माझ्या मांडीवर ठेवली आणि आईनं लगेच विचारलं, आता बर्फ कोण वाजवणार? तेच विचारायला तुम्हालाच लिहिते आहे.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्याच वर्षी पलटणीत भरती झालेला माझा दादा गेल्याची तार आली. काश्मीरच्या लढाईत, बर्फात गेला, एवढंच कळलं. आपल्याकडे आभाळातून पडणारा बर्फ म्हणजे गारा, उभा गहू आडवा करणाऱ्या! आई सारखं एकच म्हणायची, "माह्या पोराले गारांनी झोडपलं असन." जेवण तर तिनं टाकलंच होतं.

मग तुम्ही पलटणीतून पेन्शन घेऊन आलात. पलटणीतला माणूस, म्हणजे बर्फ पाहिलेलाच, असं आम्ही धरून चाललो. भजनाच्या दिवशी सगळे आपापल्या खंजिऱ्या शेकोटीवर शेकत होते, कातडं ताठ व्हावं म्हणून. तुम्ही मात्र तुमच्या खंजिरीवर ओला हात फिरवलात. लोक हसले, म्हणाले, मामाले म्हातारचळ लागला. तुम्ही उठून आईसमोर बसलात, काठावरच्या पितळी चकत्या वाजू नयेत म्हणून दाबून धरल्यात आणि बोटांच्या टोकांनी कातड्याला नुसते शिवत राहिलात. वाजतंय की नाही तेच कळेना! हसणारेच कान देऊन पुढं सरकले.

"गारा नाई, बाई," तुम्ही म्हणालात. "असा पडते थो. अंगावर पडला तं कळत बी नाई."

आईनं डोळे मिटले. कितीतरी वेळ ऐकत बसली. मग आपण होऊन तिनं भाकर मागितली. तेव्हापासून ती म्हणेल तेव्हा तुम्ही तिच्यासाठी बर्फ वाजवत आलात. त्या एका भाकरीसाठी मी तुम्हाला जन्मभर विसरणार नाही.

पण आज तुमचा रागही आला आहे, मामा. सकाळी भांडी घासता घासता मामी सहज बोलून गेली, की तुमची सगळी नोकरी जबलपुरात, पलटणीच्या भटारखान्यात गेली. बर्फाचा डोंगर तुम्ही कधी पाहिलाच नाही! मग वाजवलात कसा? कुणाला विचारलं होतंत? की बहिणीच्या तोंडाकडे बघून, तिला सोसेल तसाच पाडलात?

मला तरी सांगायचं होतंत. मी काय गावभर दवंडी पिटणार होते?

आईला हे कधी कळणार नाही. मामीलाही मी शपथ घातली आहे. आज संध्याकाळी मी खंजिरी घेऊन आईसमोर बसेन. माझा हात जड पडेल, आणि ती म्हणेलच, मामासारखा नाई पडत. तेव्हा मी सांगेन, "मामानं डोयानं पाह्यला होता, आई. मले जरा वेळ लागन."

तुमची भाची,
सुमन