तीन फेब्रुवारीचे पान

मी, शशिधर गोविंद टेंबे, वय वर्षे बहात्तर, राहणार मेडनहेड, बर्कशायर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणायला घरात कोणी नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. याचा इंग्रजी तर्जुमा सॉलिसिटर करतील. त्यात माझे टोमणे गळून जातील, म्हणून मूळ प्रत जपावी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा चि. मिहीर, राहणार एडिनबरा, यास द्यावी. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. माझी पत्नी मंजिरी गेल्यापासून या घरात मी नुसता वस्तीला आहे.

२. माझ्या लॉनमोअरवर शेजारच्या रघुवीररावांचा डोळा आहे. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून मी मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केले आहे. लॉनमोअर चर्चला द्यावा.

३. आमच्या रस्त्याच्या टोकाच्या चर्चमध्ये गेलेल्यांच्या नावांचे पुस्तक आहे. प्रत्येक तारखेला एक पान. त्या तारखेला जे गेले त्यांची नावे त्यावर हाताने लिहितात, आणि रोज सकाळी फक्त त्या दिवसाचे पान उघडतात. कौन्सिलमधली नकाशे काढायची नोकरी संपल्यापासून ही नावे मी लिहीत आलो. पाने वासराच्या कातड्याची आहेत. "एकादशी धरणारा माणूस कातड्यावर लिहितो!" असे म्हणून मंजिरी खूप हसायची. इथल्या मराठी मंडळातल्या अरुणाबाई मात्र टेंबे बाटले म्हणून सांगत सुटल्या. त्यांना मी माफ केलेले नाही. आमचा मोठा कुकर त्यांच्याकडेच राहू द्यावा, नाहीतरी त्या तो परत करणार नाहीत.

४. मंजिरी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिच्यामागून मी या देशात आलो आणि जन्मभर 'डॉक्टर टेंब्यांचा नवरा' राहिलो. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. ती तीन फेब्रुवारीला गेली आणि तिचे नावही मलाच लिहावे लागले. चर्चच्या व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, हिलरीबाई म्हणाल्या, "मिस्टर टेंबे, ओळ लहान आहे. नाव आणि आडनाव पुरे." मी ऐकले नाही. आपल्या रीतीने पुरे नाव लिहिले: मंजिरी शशिधर टेंबे. अक्षरे थोडी दाटीने बसली, पण बसली.

५. हंसाच्या पिसांचे माझे टाक माझ्याबरोबर जाळावेत. असे टाकाने लिहायला शिकवणारा चर्चमधला वर्ग कधीच बंद पडला. माझ्याबरोबर शिकलेले सगळे गेले, त्यांचीही नावे मीच लिहिली. मिहीरला हे सांगितले तर तो फोनवर म्हणाला, "बाबा, डोंट वरी, तुमचं नाव आपण प्रिंट करू. मस्त फाँट सिलेक्ट करीन. कोणाला डिफरन्स कळणार आहे?" पोर मनाने चांगले आहे. पण त्या संध्याकाळी मला रडू आले. गावभरच्या लोकांची नावे लिहिली आणि माझे लिहायला कोणी उरले नाही. शिवाय माझी तारीख वेगळी असणार, म्हणजे पानही वेगळे. तिचे उघडे असेल तेव्हा माझे मिटलेले.

६. यंदाच्या तीन फेब्रुवारीला मी त्या पानासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि माझी धास्ती गेली. सबब, माझे नाव पुस्तकात छापू नये आणि कोणाकडून लिहूनही घेऊ नये. मिहीरने वर्षातून एकदा, त्याच तारखेला, मेडनहेडला यावे आणि आईची ओळ सावकाश, पूर्ण वाचावी. तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये मी आहे. अक्षरही माझेच आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

शशिधर गोविंद टेंबे

साक्षीदार: १. रघुवीर दत्तात्रेय सामक
२. मीनल अजय खरवंडीकर

स्थळ: मेडनहेड
दिनांक: ११ ऑक्टोबर २००७