बारा सेकंद उशीर

ता. ३ मार्च

चि. खारूताईस आत्याचे भरभरून आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोन निरुपयोगी, आणि मोबाईलवर अंगठ्यानं मनासारखा राग काढता येत नाही, म्हणून पत्र. तू सबटायटल लिहिलेला पहिला सिनेमा लावून आम्ही कौतुकानं बसलो. शेजारी भिंतीवरून भांडतात, तुझे आतोबा पोट धरून हसतात आणि मी ढिम्म! त्यांचं हसून झालं की खाली ओळ उमटते, मग मी एकटीच हसते. चारचौघांत सहा वर्षं मी अशीच मागाहून हसते आहे गं. निदान तुझ्या सिनेमात तरी बरोबरीनं हसेन, अशी आशा होती.

तक्रारीसाठी ॲपवाल्या कंपनीनं काय दिलंय, तर फोन नंबर! बहिरीनं फोन करायचा. धन्य आहे त्यांची. उपाय कळव.

तुझी, संतापलेली आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

अगं, बहुधा इंटरनेट मंद असेल. टीव्हीचा प्लग काढून थांब, मग परत लाव. तरी जमलं नाही तर ॲप काढून नव्याने घे. आतोबांना नमस्कार. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी खारूताई

ता. १७ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

थांब लिहिलंस, किती ते लिहिलं नाहीस. आम्ही दोन दिवस थांबलो. आतोबांची मॅच बुडाली, ते अजून फुगलेले आहेत. ॲपही नव्यानं घेतलं. ओळी उशिराच!

आतोबांनी घड्याळ लावून पाहिलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बारा सेकंद. चाळीस वर्षं कपडे शिवले मी. प्रत्येक सदऱ्याची बाही तेवढीच लांब आली, तर चूक कापणाऱ्याची असते. माझ्या टीव्हीवर ढकलू नका.

पत्राची वाट पाहणारी, आत्या

ता. २५ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

तुझंच खरं. कंपनीनं सिनेमाच्या सुरुवातीची बारा सेकंदांची पाटी कापली आणि माझ्या ओळींच्या वेळा मात्र जुन्याच ठेवल्या. साहेब म्हणाले की पाच महिन्यांत एकही तक्रार नाही, मग एवढ्यासाठी कोण वेळ घालवणार. माझं डोकंच फिरलं. मी भर मीटिंगमध्ये उभी राहून तुझं पहिलं पत्र वाचलं. फोन नंबरपाशी आल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढचं काम मला मिळेल असं वाटत नाही. पण ओळी जागेवर आल्यात. बघ आणि कळव.

तुझीच, खारूताई

ता. २ एप्रिल

चि. खारूताईस पोटभर आशीर्वाद.

काल पाहिला. भांडण सुरू झालं, आतोबा हसले आणि त्याच क्षणी मीही हसले. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, सिनेमा थांबवला आणि चष्मा काढून डोळे पुसत बसले. मग तोच प्रसंग आम्ही चार वेळा लावला आणि चारही वेळा एकदम हसलो.

साहेबाचा पत्ता पाठव. पाच महिन्यांत माझ्यासारख्या किती जणी टीव्हीसमोरून मुकाट्यानं उठून गेल्या असतील, ते मला त्याला विचारायचंय.

तुझी आत्या