पडद्यावर आलेली नोंद

नाशिक, बुधवार, २२ ऑगस्ट २००७

आज साहेबांना मी लिहिलेलं टूल दाखवलं. ऑफिसातल्या सगळ्यांच्या ऑनलाइन कॅलेंडरमधल्या नोंदी एपीआयच्या जोडणीतून आपोआप ओढून एकाच पडद्यावर आणणारं. एकदाही अडकलं नाही. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या वैशालीताई. त्यांच्या नावापुढे आलं, ‘शुक्रवार, केमो, तिसरी.’ ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “मग तुमचा प्रोजेक्ट कोण संपवणार?” प्रोजेक्ट तिथल्या तिथे मला मिळाला.

केमो, तिसरी. काल टेस्टिंग करताना मी ते वाचलं होतं. खासगी नोंदी वगळायला कोडची एक ओळ पुरली असती. का नाही लिहिली? विसरलो म्हणू? विसरलो नव्हतो. मला तो प्रोजेक्ट हवा होता.

दुपारी ताई टेबलापाशी आल्या. “तुला आधीच दिसलं होतं ना रे?”

“नाही, ताई.”

“बरं,” म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. रोजची नाशिकरोडची बस सोडून सात वाजेपर्यंत मला त्यांचं काम समजावत राहिल्या. मी मान खाली घालून सगळं उतरवून घेतलं.