जुन्या कवीच्या सतरा ओळी

प्रिय मुस्तुलसदादा,

तेलाच्या व्यापाऱ्यानं तुझं पत्र आणून दिलं त्याला आज सोळा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं, एकदा वाळत घातलेली अंजिरं गोळा करून परत पसरली. शेवटी आपली दाई बिरिक्त करवादली, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय का? त्या अंजिरांना तरी सुखानं वाळू दे!" सत्तरी उलटली, पण म्हातारीच्या जिभेची धार गेलेली नाही.

जुन्या कवीची पोथी तुझ्या मठात सुखरूप आहे, आणि ऑलिव्हची तोडणी संपली की तू ती घेऊन कार्थेजला येणार, हे वाचून मी आधी हसले आणि मग ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तू पोथी काखोटीला मारून निघून गेलास, त्यानंतर नऊ वर्षं बाबांनी तुझ्या नावानं बोटं मोडली. मठातले लोक जुन्या पोथ्यांची कातडी पानं खरवडून त्यावर स्तोत्रं लिहितात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. जेवताना मधेच घास ठेवून म्हणायचे, "माझ्या कवीला सोलून काढला असेल त्या करंट्यानं!" गावातली दुसरी प्रत ग्रंथालयाच्या आगीत गेली, तेव्हापासून तर तुझं नाव काढायची सोय राहिली नाही.

बाबांचे डोळे गेले हे तुला ठाऊक आहे. ते विसरायला लागलेत, हे मी तुला कधी कळवलं नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचं काम छान चाललं होतं. ज्याच्या काव्यावर बाबा टीका लिहितात त्या महाकवीची ओळ मी वाचायची, बाबांनी त्याखाली टीका सांगायची: ही कल्पना जुन्या कवीकडून घेतली, मूळ ओळ अशी होती. ती ते घडाघडा म्हणायचे आणि मी मेणाच्या पाटीवर उतरवून घ्यायची. मग एका सकाळी, काव्यात जहाजं बंदर सोडतात त्या जागी, ते अडले. अर्धी ओळ म्हणाले आणि पुढं काहीच येईना. त्यांनी कपाळ बडवून घेतलं, दादा. लहान मूल बाजारात हरवल्यावर करतं तसा चेहरा केला. माझ्यानं बघवेना. मी हळूच म्हटलं, "बाबा, पुढं असं होतं ना?" आणि सुचेल ते वृत्तात बसवून म्हटलं. धक्क्यावरच्या बायका पाण्याकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडे बघत होत्या, असं काहीतरी.

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बघ, याला म्हणतात जुनं सोनं," म्हणाले. "आत्ताच्या पोरांना उभ्या जन्मात जमायचं नाही."

पहिली ओळ मी दयेपोटी रचली. पुढच्या मात्र हौसेनं रचल्या, हे तुझ्यापासून कशाला लपवू? ते अडले की मला आतून आनंद व्हायचा. कधी कधी त्यांना आठवायला वेळही द्यायची नाही मी. अशा सतरा ओळी झाल्या. बाबा येईल त्याला त्या म्हणून दाखवायचे; आता चौकात पडदा लावून भरणाऱ्या शाळांत मुलं त्या घोकतात. पलीकडच्या गुरुजींनी त्यांतल्या चार आपल्या टीकेत उतरवून घेतल्या, बाबांचं नाव गाळून, 'जुना कवी म्हणतो' असं लिहून. आपल्या धंद्याची रीतच ती. मागच्यानं लिहिलेलं पुढच्यानं उचलायचं, मूळ पोथी उघडून बघायची तसदी कुणी घ्यायची नाही. त्या रीतीच्या भरवशावरच मी निर्धास्त होते.

आणि बाबांची ही टीका, तीस वर्षांचं काम, तोडणीनंतर नकलनविसांकडे जायची आहे. पाच प्रती निघणार, त्यांतली एक रोमला.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यातली पोथीबद्दलची ओळ गाळता आली असती, पण गाळली नाही. ते उठून उभे राहिले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि "माझा मुलगा! माझा मुलगा पोथी आणतोय!" म्हणून रस्त्यावर ओरडले. पुढचे अकरा दिवस त्यांनी मला बसू दिलं नाही. "रोगाता, ती जहाजांची जागा खूण करून ठेव, पोथी आली की आधी तीच ओळ ऐकायची." दहा वर्षांनी तरुण झाले होते. मी मात्र दोन घास खायला बसले तरी उठून ओट्यावर येत होते, तू लवकर आलास तर म्हणून. तुला एक पत्र लिहिलंही होतं: पोथी आणू नकोस, खरवडली गेली म्हणून सांग, नऊ वर्षं शिव्या खाल्ल्यास तशा अजून थोड्या खा. पाटीवर लिहिलं आणि अंगठ्यानं पुसलं. माझी मलाच लाज वाटली.

बाराव्या दिवशी, त्यांना जवाची पेज भरवताना, मी सगळं सांगितलं. सतराही ओळी म्हणून दाखवल्या. बाबा ओरडतील असं वाटलं होतं. पेजेची वाटी बाजूला सारून ते म्हणाले, "ती बायकांची ओळ कुठून घेतलीस?" मी म्हटलं, कुठून नाही, माझीच आहे. तर म्हणाले, "कुणाचंच काही स्वतःचं नसतं, कुठून तरी घेतलेलं असतं. नीट आठव." तेवढंच. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. बिरिक्तला एक अक्षर ओळखता येत नाही, तरी टिपणांची सगळी गठडी त्यांनी तिच्या हवाली केलीय. रोज सकाळी ती पानं मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसते.

म्हणून हे पत्र. दादा, तोडणी संपायची वाट बघू नकोस. हा निरोप्या परत निघेल त्याच्याबरोबरच ये. बाबा फार थकलेत, आणि सगळी टीका पहिल्यापासून पोथीशी ताडून झाल्याशिवाय एक पानही बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून बसलेत. ते बरोबरच आहे. पण वाचून दाखवायला कुणीतरी हवं, आणि माझ्या आवाजावर त्यांचा भरवसा राहिलेला नाही. पलीकडच्या गुरुजींना बोलावू का म्हणून मी बिरिक्तकडून विचारवलं. तिच्याजवळ ते म्हणाले, "मुस्तुलस वाचेल. तो पोथी चोरेल, पण त्यात भर घालणार नाही." माझी खुर्ची खिडकीजवळ ठेवलीय, ती तू घे. मी दाराबाहेर बसून ऐकेन.

तुझीच,
रोगाता