हॉर्नवालं गाणं

प्रिय वन्सं,

चिडलीस ना? चीड. कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला तिच्याच भावाची बायको होऊन 'वन्सं' म्हणण्यात जी मजा आहे, ती मी इतक्या वर्षांनंतरही सोडणार नाही. फोन सोडून ही बाई पत्र का लिहीत बसलीये, असं तुला वाटत असेल. सांगते. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते बरेच दिवस राहिलंय.

आपल्या तिघींच्या ग्रुपवर तू फर्मान काढलं होतंस, सध्या काय ऐकताय ते लिहा, आणि खरं लिहा, चारचौघांत सांगायची लाज वाटते असं निदान एक गाणं तरी हवं. तू स्वतःपासून सुरुवात केलीस. एवढ्या मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका गाडीच्या काचा वर करून नातवाच्या कार्टूनचं गाणं ऐकते, आणि तेही नातू गाडीत नसताना, हे वाचून मी माझ्या कवळ्यांच्या लॅबमध्ये एकटीच हसले. मग आपल्या भूलवालीने लिहिलं, की पेशंटला भूल चढली की ऑपरेशन थिएटरमध्ये ठेक्याची नाचगाणी लागतात, आणि गंभीर चेहऱ्याचे मोठे सर्जन 'फक्त कमरेखाली' नाचतात, हात स्थिर ठेवून. मी मात्र काहीच लिहिलं नाही. 'मिठाची गुळणी धरून बसलीस का?' असं तू विचारलंस, त्यावरही मी नुसता अंगठा पाठवला.

माझं गाणं तुला ठाऊक आहे. ते टॅक्सीवालं. नायिका पत्ता चुकलेल्या टॅक्सीत बसते, ड्रायव्हरशी भांडते, आणि प्रत्येक ओळीनंतर हॉर्न वाजतो. शब्दांत काही राम नाही, चाल कुठून तरी उचललेली, आणि तरी ते लागलं की माझा पाय थांबत नाही. तुझ्या दादाच्या घरात ते गाणं म्हणजे देवघरात चप्पल. रविवारी सकाळी त्याचे मित्र जमायचे, तबकडी कपड्याने पुसून लावली जायची, आणि एकेका सुरावर सगळे मिळून उसासे टाकायचे. मीही बसायचे. मला ते आवडायचंही, अगदी खरं सांगते. फक्त माझं म्हणून असं एक गाणं कुठे तरी बाजूला पडून राहायचं. एकदा तो ऑफिसातून लवकर घरी आला. मी कपाट आवरत होते आणि हॉर्न पूर्ण आवाजात चालू होता. मी बंद करायला धावले, तर दारातच बूट काढत म्हणाला, 'संपू दे, संपू दे. मग येतो मी आत.' आणि खरोखर जिन्यात जाऊन उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. तुला हे सांगितलं होतं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. मीही हसले होते. आता आठवलं की हसू येतं आणि त्याच्यामागून दुसरंही काहीतरी येतं. किती चांगला माणूस होता गं. पण जिन्यात उभा राहिला. आत आला नाही.

तो गेल्यावर घरात काहीच वाजलं नाही. त्याच्या तबकड्या मी पुसायचे आणि परत ठेवायचे. माझं गाणंही लावलं नाही, घरात नाही आणि लॅबमध्येही नाही. इतके दिवस लपूनछपून ऐकलेलं गाणं, आता कुणी अडवणारं नाही म्हणून मोठ्याने लावायचं, हे मला नको वाटायचं. तू दर आठवड्याला काही ना काही पाठवायचीस. मी ते ऐकल्याचं सांगायचे. त्यातलं बरंचसं ऐकलेलं नसायचं.

मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एका माणसाला वर पाठवलं. तुला माहीत आहे, पेशंट माझ्याकडे कधी येत नाहीत. माप येतं, मी साचा ओतते, मेणात दात लावते, कवळी तयार करून खाली पाठवते. तोंड कुणाचं आहे याच्याशी मला काही घेणंदेणं नसतं. पण या गृहस्थांची पुढच्या चार दातांची कवळी पुनःपुन्हा परत येत होती. शेवटी डॉक्टर फोनवर म्हणाले, 'बाई, आता तुम्हीच बघा. यांना खाता येतं, बोलता येतं, तरी म्हणतात दात चुकलेत.' गृहस्थ हातात काळी पेटी घेऊन आले, आणि दारातूनच माफी मागायला लागले. ते समारंभांत आणि हॉटेलांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवतात. स्पीकर उचलून नेताना हॉलच्या पायऱ्यांवर घसरले आणि पुढचे दात गेले. वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवल्याशिवाय सूर धरता येत नाही, आणि नव्या दातांवर वाद्य घसरतंय, हे त्यांना डॉक्टरांना नीट समजावता येत नव्हतं. मी म्हटलं, 'वाजवून दाखवा.' ते लाजले. म्हणाले, 'इथे? लोक जमतील.' मग त्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सगळं एका दमात येतं असा एक तुकडा सुरू केला.

ओळखलंस ना तू? हो, तेच. पहिल्या कडव्याआधीचा तुकडा. सूर मध्येच किंचाळला, पण मला कळायचं ते कळलं, आणि हातात ब्रश तसाच धरून मी पुढची ओळ गुणगुणले. आपण गातोय हे मला त्यांनी वाद्य खाली घेतल्यावर समजलं. त्यांनी विचारलं, 'पुढचं कडवं येतं तुम्हाला?' मी म्हटलं, 'दोन्ही येतात.' आणि कानापर्यंत लाल झाले, या वयात! ते हसले नाहीत. म्हणाले, 'दुसरं कडवं कुणालाच येत नाही. आमच्या गायिकेलासुद्धा कागद लागतो.'

दातांची मागची कड मी पुनःपुन्हा घासली. ते लावायचे, वाजवायचे, मी ऐकायचे, पुन्हा घासायचे. त्यासाठी त्यांना अनेकदा यावं लागलं, आणि पुढे पुढे तर कवळी चांगली बसली होती तरी यावं लागलं. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग एकदा चहाला बाहेर, मग त्यांचा एक कार्यक्रम, जिथे मी मागच्या खुर्चीत बसून हॉर्नच्या जागी टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. स्वयंपाक येतो असं म्हणतात, म्हणजे अंडी उकडता येतात.

मग एक दिवस त्यांना पहिल्यांदा घरी बोलावलं. त्यांनी तबकड्यांचं कपाट बघितलं, कशालाही हात लावला नाही. उभ्या उभ्याच विचारलं, 'तुमचे मिस्टर कुठे बसायचे?' मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. ते मान हलवून दुसऱ्या बाजूला, दाराजवळच्या लहानशा स्टुलावर जाऊन बसले. मग म्हणाले, 'त्यांच्या आवडीचं काहीतरी लावा ना. मला यातलं फारसं कळत नाही, पण ऐकेन.' आणि तुझ्या दादाची ती संध्याकाळच्या रागाची तबकडी मी पुसून लावली. इतक्या वर्षांनी. ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले, एकदाही वाहवा केली नाही, आणि संपल्यावर म्हणाले, 'पुन्हा एकदा लावाल?' मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. बाहेर आले तर ते स्टुलावरच होते. तबकडी तशीच फिरत होती, सुई उचलायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा सध्या मी काय ऐकते, तर दोन्ही. घरात, मोठ्याने, दारं उघडी ठेवून. शेजारीण विचारत होती, रेडिओ बिघडलाय का, एकदम हे काय आणि एकदम ते काय. तुझं कार्टूनचं गाणंही त्यांनी क्लॅरिनेटवर बसवलंय. नातवाला ऐकवायला रेकॉर्ड करून ठेवलंय, पाठवायचा धीर झाला नाही एवढंच.

लेकीला मी फोनवर सगळं सांगितलं. मग तिने एकच विचारलं, 'आत्याला सांगितलंस?' नाही म्हटल्यावर म्हणाली, 'आधी तिला सांग. मग माझ्याशी बोल.' रागावून नाही, पण ठाम. अगदी तुझ्यासारखी. म्हणून हे पत्र. फोनवर तू 'अगं बाई' म्हणाली असतीस, मी रडले असते, आणि सांगायचं ते राहून गेलं असतं.

आम्ही लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, नोंदणी कार्यालयात, साधंसं. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हा तुझी परवानगी मागतेय असं समजू नकोस. ती मागितली असती तर नकार देण्याचं ओझं तुझ्यावर टाकल्यासारखं झालं असतं. पण साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने त्यांचा ड्रमवाला आणि गायिका सही करणार आहेत. माझ्या बाजूने कोण, असं तिथल्या कारकुनाने विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून मोकळी झाले, तुला न विचारता. तुझा भाऊ होता तो. तुला वाईट वाटेल, वाटायलाच हवं, आणि कदाचित त्या दिवशी तिथे उभं राहणं तुला जमणार नाही. तसं असेल तर तसं लिही, मी समजून घेईन आणि नाव बदलून घेईन. फक्त गप्प राहू नकोस. तुझ्या भावाची बायको म्हणून मी तुला मिळाले नव्हते गं. तुझी मैत्रीण होते म्हणून तुमच्या घरात आले होते. ते आधीचं नातं अजून आहे का, एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वाट बघत असलेली,
तुझीच