इंजिनावर उगवलेलं पथ्य

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलोय. पूर्वी मध्ये पोट यायचं, हल्ली येत नाही. का येत नाही ते सांगायलाच बसलोय.) काकांचा खोकला आता कसा आहे? तुझ्या परसातल्या कोंबड्या नीट अंडी देतात ना? इकडे आम्ही मजेत आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, तब्येतीला जप, चांगलंचुंगलं खात जा. तू मोठी आहेस म्हणून मी गप्प बसतो. दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं तर ते पत्र मी बसच्या मागच्या चाकाखाली घातलं असतं. गेले तीन महिने मला जो भेटतो तो हेच सांगतो. सांगायला काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. खायला काय जातं ते मला विचार.

झालं असं की आम्हा चालकांची दर वर्षी तपासणी होते, तीत माझ्या रक्तात साखर जास्त निघाली. डॉक्टर म्हणाला, तीन महिन्यांत उतरवा, नाहीतर स्टिअरिंग सोडावं लागेल. स्टिअरिंग सोडायचं म्हणजे डेपोच्या आवारात बस धुवायच्या, आणि धुणाऱ्याचा पगार चालवणाऱ्यापेक्षा बराच कमी. (हे सांगताना डॉक्टर क्रीमची बिस्किटं खात होता. त्याची तपासणी कोण करतं कोण जाणे.) मग त्याने मला आहार सांगणाऱ्या बाईंकडे धाडलं. बाई स्वभावाने गोड, म्हणजे माझ्या रक्तासारख्याच. त्या म्हणाल्या, पालेभाजी खा, फळं खा, अंडी खा, कोंड्याचा पाव खा, मूठभर सुकामेवा खा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि डेपोच्या कँटीनचं जेवण आजपासून बंद.

आता हे कँटीन तुला सांगायला हवं. तिथलं जेवण आम्हाला फुकट. नोकरीवर लागताना तोच मोठा फायदा म्हणून सांगितला होता. पांढऱ्या भाताचा डोंगर, तळलेले बटाटे आणि चमचा उभा राहील इतका गोड चहा, रोज. म्हणजे बघ मावशी, ज्या जेवणाने साखर चढली ते फुकट, जे खाऊन ती उतरणार ते विकत, आणि नाही उतरली तर पगार उतरणार. मी बाईंना नम्रपणे विचारलं की कँटीनवाल्यालाच थोडी भाजी शिजवायला सांगितली तर? त्या म्हणाल्या, तो विभाग वेगळा आहे. माझं पोट मात्र दोन्ही विभागांना मिळून एकच आहे, हे मी मनातच म्हटलं.

मग सुरू झाली खरेदी. आमच्या घराजवळच्या दुकानात काय मिळतं? पाकिटं. कुरकुरीत, खारट, गोड, तिन्ही एकत्र. भाजी हवी तर दोन बस बदलून मंडईत जायचं, आणि माझी पाळी संपते तेव्हा तिथे उरतो तो पिवळा पडलेला पाला, जो विकणाऱ्याला घरी न्यायचाही कंटाळा आलेला असतो. पालकाची मोठी जुडी आणावी, निवडावी, तीन पाण्यांतून धुवावी, शिजवावी, तर पातेल्याच्या तळाशी एक चमचा हिरवं काहीतरी दिसतं. पावाची तर वेगळीच तऱ्हा. पांढऱ्या पावाच्या पिठातला कोंडा चाळून काढतात, एवढं काम करूनही तो स्वस्त. ज्याचा कोंडा काढायचे कष्टच घेतले नाहीत तो दुप्पट महाग. काही न केल्याचे पैसे घेणारा हा धंदा मला आधी माहीत असता तर मी बस चालवलीच नसती. आणि सुकामेवा! बाई म्हणाल्या मूठभर. कोणाची मूठ ते विचारायला हवं होतं. आमच्या मुठीत तो येत नाही. दर दोन तासांनी खायचं तर माझी एक फेरीच अडीच तासांची. मध्येच बस कडेला लावून मी सफरचंद कापायला बसलो तर प्रवासी मलाच कापतील.

शेवटी बाईंनीच एक स्वस्तातला उपाय सांगितला. कडधान्य भिजवा, मोड आणा, कच्चंच चावून खा. मी खूश झालो. पण थंडी इतकी की घरी दाणे नुसते फुगून बसायचे, मोडाचं नाव नाही. तेव्हा मला सुचलं (आणि हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की आठवलं तरी लाज वाटते) की माझ्या सीटच्या बाजूला इंजिनाचं झाकण आहे, ते दिवसभर मस्त ऊबदार असतं. ओल्या फडक्यात दाणे बांधले, झाकणाच्या खाचेत पुरचुंडी ठेवली, वर माझं जॅकेट टाकलं. संध्याकाळी बोटभर मोड! पंधरवडाभर मी इंजिनावर पीक काढलं. कंडक्टरलाही थोडे दिले, तोही तोंड वाकडं करत का होईना खायचा.

मग एकदा काय झालं, आमची बस दुरुस्तीला गेली आणि पुरचुंडी आत राहिली. मिस्त्रीने इंजिन तासन्‌तास चालू ठेवून तपासलं, मग बस उन्हात बंद करून ठेवली. तिसऱ्या दिवशी गच्च भरलेली बस घेऊन मी निघालो, तर दुसऱ्याच थांब्यावर एक आजोबा उभे राहून म्हणाले की या गाडीत उंदीर मेलाय. बघता बघता सगळी बस नाकाला रुमाल लावून खाली उतरली. कंडक्टरने तिकिटांचे पैसे परत केले, बस डेपोत आली, मिस्त्रीने सीटा उचकटल्या, खालचा पत्रा उघडला. मीही कंबर कसून उंदीर शोधत होतो. निम्म्यात कधीतरी मला आठवलं उंदीर कुठे आहे ते. पण तोवर इतके खिळे-स्क्रू जमिनीवर पडले होते की तोंड उघडायची सोय नव्हती. शेवटी मिस्त्रीनेच जॅकेट उचललं. त्याने पुरचुंडी सोडून बघितली आणि चिमटीत धरून सरळ डेपोच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मला जी ताकीद मिळाली तीत लिहिलंय, "सेवेतील वाहनात लागवड केल्याबद्दल." हे वाक्य डेपोत आता सगळ्यांना पाठ आहे.

असो. एवढं करून साखर उतरली. डॉक्टरने पाठ थोपटली, बाई म्हणाल्या बाकीच्या चालकांपुढे येऊन दोन शब्द बोला. स्टिअरिंग वाचलं. मी शीळ घालत घरी आलो, तर तुझी सूनबाई खाटेवर पडलेली आणि तिच्या कारखान्यातली मैत्रीण शेजारी बसलेली. साबणाच्या वड्या खोक्यात भरता भरता ही चक्कर येऊन पडली होती. गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला रक्त फार कमी आहे, पालेभाजी द्या, अंडी द्या, फळं द्या. मी म्हटलं, डॉक्टर, हे सगळं आमच्या घरात तीन महिने येतंय. आणि हे तोंडातून निघालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पगार होता तेवढाच होता. मग माझी अंडी, माझा पालक, माझा तो कोंड्याचा पाव कुठून येत होता? मला पहाटेच कामावर निघायचं, म्हणून ती मला आधी वाढायची, स्वतः नंतर बसते म्हणायची. ती नंतर काय खायची ते मैत्रिणीने सांगितलं. डब्यात पांढरा पाव आणि तो बुडवायला बिनदुधाचा चहा.

मी चिडलो मावशी. भयंकर चिडलो. आजारी माणसावर ओरडलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकालाच पुरतं. मग ज्याची तपासणी होते त्याने खावं. माझी कोण करतंय?"

तेव्हापासून ज्याच्यावर चिडायचं तो माणूस मी शोधतोय. क्रीमची बिस्किटं खाणारा डॉक्टर नव्हे, आहाराच्या बाई तर नव्हेतच, कँटीनवाला बिचारा सांगितलेलं शिजवतो. कोणीच सापडत नाही, म्हणून सध्या मी समोर हळू चालणाऱ्या गाड्यांवर चिडतो. घरी आता एक अंडं दोघांत करायचं ठरलंय. मी अर्धं तिच्या ताटात टाकतो, ती ते माझ्या ताटात सरकवते, आणि शेवटी ते गार होऊन पडतं. बाकीच्या चालकांपुढे दोन शब्द बोलायला मी गेलो नाही. दोनच शब्द सुचत होते आणि ते बायामाणसांसमोर बोलण्यासारखे नव्हते.

काकांना नमस्कार सांग. चुकलंमाकलं पोटात घाल. (पोटात घालायची एवढीच एक गोष्ट हल्ली स्वस्त आहे.)

तुझा भाचा

ता. क. – पत्र लिहिण्याचं कारण आता सांगतो. हिला महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. कारखान्यातून बिनपगारी रजा मिळते, मी निभावून नेईन. पण खायला घालायला बोलावतेस असा वास जरी लागला तरी ती येणार नाही. तुझा हात मुरगळलाय आणि घरचं उरकत नाही असं लिही. खरंच मुरगळून घेऊ नकोस, तुझा भरवसा नाही.

दुसरा ता. क. – हे पत्र मी डेपोजवळच्या पेटीत टाकतोय. उत्तर मात्र घरी पाठव, तिच्या नावाने. माझी चौकशी केलीस तर थोडी रागावून कर, म्हणजे तिला शंका येणार नाही.

तिसरा ता. क. – परत निघताना ती माझ्यासाठी अंडी बांधून मागेल. घरात डबाच नाही म्हणून सांग.